शांत दिसणाऱ्या मुलाचा ताण मोजायचा कसा?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालेलं, छोट्या वाक्यांत बोलतो. चिंता मोजायची प्रश्नावली तिघांकडून भरून घेतली. आईच्या कागदावर भरमसाट गुण आले, वर्गशिक्षिकेच्या कागदावर जेमतेम, आणि मुलाने स्वतः प्रत्येक ओळीत 'कधीच नाही'ला गोल केला. शाळा म्हणते, अगदी शांत असतो. घरी दप्तर टाकलं की तासभर रडणं, किंचाळणं, भिंतीवर डोकं आपटणं. आता कुणी लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, तपासायला सांगतंय, कुणी ताण दाखवणारं मनगटी घड्याळ घ्या म्हणतंय. 'या सगळ्यात खरा आकडा कोणता?'

ताई, तिन्ही कागद खरे आहेत. तुम्ही दप्तर टाकल्यानंतरचा मुलगा पाहता, बाईंना बाकावरचा दिसतो, आणि मुलाला तो प्रश्न कळला होता का हे अजून कुणी तपासलेलंच नाही. वीसएक वर्षं मी हेच काम करतो आहे. तीन कागद जुळलेले फार क्वचित पाहिले. कुठे जुळत नाहीत ते बघितलं की बरंच काही हाती लागतं, म्हणून त्यांची सरासरी मात्र काढू नका.

आधी दोन शब्द वेगळे करू या, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. शाळेची घंटा कर्कश वाजली, मुलाने कान झाकले, घंटा थांबली, हात खाली आले. हा ताण. तीच घंटा ११ वाजता वाजते म्हणून मूल साडेदहापासून घड्याळाकडे बघतंय, हातातलं काम थांबलंय, 'आता वाजणार?' असं पाचव्यांदा विचारतंय. ही चिंता. ताण समोरच्या गोष्टीला बांधलेला असतो, चिंता येऊ घातलेल्या गोष्टीला. घंटा काढून टाकली की ताण त्याच दिवशी उतरतो. चिंता मात्र 'आज वाजणार नाही' हे मुलाला पटेपर्यंत तशीच राहते, कधी कधी कित्येक आठवडे. नोंद ठेवताना म्हणूनच नुसती घटना लिहून भागत नाही, तिच्या आधीचा अर्धा तासही लिहावा लागतो. मला येणाऱ्या दहापैकी नऊ वह्यांत तो नसतो.

पुढे काय होणार हे माहीत नसणं सहन न होणं, हा ऑटिस्टिक मुलांच्या चिंतेचा फार मोठा भाग आहे. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन करणाऱ्यांपैकी एक, बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करणारा जो लेख लिहिला, त्यातही सगळं जसंच्या तसं राहावं या चिंतेने भरलेल्या आग्रहाची नोंद आहे. तरीही पुढची कित्येक वर्षं हे सगळं 'ऑटिझमच आहे, असंच वागणार' या खात्यावर टाकलं गेलं. आजही टाकलं जातं. २०११ साली ३१ अभ्यास एकत्र करून विश्लेषण झालं, त्यात सुमारे ४० टक्के ऑटिस्टिक मुलांना किमान एक चिंताविकार असल्याचं दिसलं. म्हणजे तुम्ही जे बघताय ते विरळा नाही, आणि ते ऑटिझमचं अपरिहार्य अंगही नाही. चिंतेवर वेगळे उपचार करता येतात, म्हणून तर ती वेगळी मोजायची.

आता तुमच्या हातातल्या कागदांकडे येतो. प्रश्नावली कोणती होती, हे आधी विचारा. स्केअर्ड नावाची ४१ प्रश्नांची प्रश्नावली खूप वापरली जाते. तिच्यात २५ किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी करायची असा संकेत आहे. चांगली आहे, पण ती बनली इतर मुलांसाठी. 'अनोळखी लोकांशी बोलायला संकोचतो' याला तुम्ही 'हो' म्हणालात, तर तो संकोच भीतीचा की बोलायचं कसं हेच न उमगल्याचा? कागद दोन्हींना सारखेच गुण देतो. उलट बाजूने, हात वाळवायच्या यंत्राची भीती, फुगा फुटेल ही भीती, दाढीवाल्या माणसाची भीती, रोजच्या रस्त्यावरचा एक दिवा बंद असला तर येणारी धास्ती, यांतलं काही त्या कागदावर नसतंच. म्हणून एकच प्रश्नावली एका ठिकाणी जास्त मोजते आणि दुसऱ्या ठिकाणी कमी, आणि बेरीज मात्र बिनचूक असल्यासारखी दिसते.

ही अडचण ओळखून ऑटिस्टिक मुलांसाठी वेगळ्या मोजपट्ट्या बनल्या. २०१६ साली आलेली एएससी-एएसडी ही २४ प्रश्नांची आहे. तिचे चार भाग आहेत: चुकण्याची आणि हसं होण्याची धास्ती, अनिश्चितता, अंगात जाणवणारी धडधड-थरथर, आणि ताटातूट. ती पालक आणि मूल दोघांसाठी आहे. २०१९ मधली प्रास-एएसडी २५ प्रश्नांची, फक्त पालकांनी भरायची. कमी बोलणाऱ्या मुलांसाठी मला ती जास्त कामाची वाटते. दोन्हींत मी एकूण गुण सर्वांत शेवटी बघतो. कोणत्या चार ओळींवर सगळा भार आहे, ते आधी. अनिश्चिततेच्या ओळी भरलेल्या असल्या तर उपाय वेळापत्रकात सापडतो, ताटातुटीच्या भरलेल्या असल्या तर दारात. बेरीज ३५ असो की ४२, तिच्यावरून यातलं काहीच ठरत नाही.

मुलाच्या 'कधीच नाही'ची गोष्ट वेगळी आहे. एका १२ वर्षांच्या मुलाला मी विचारलं होतं, 'छातीत धडधडतं का?' तो म्हणाला, 'हो, नेहमी. नाही धडधडलं तर माणूस मरतो.' त्याचं उत्तर शंभर टक्के बरोबर, माझा प्रश्न चुकलेला. याशिवाय, आत काय होतंय त्याला नाव देता न येणं ऑटिझममध्ये बरंच आढळतं. निरनिराळ्या अभ्यासांची बेरीज केली तर जवळजवळ निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींना ही अडचण असते, इतरांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे. पोट आवळतंय हे जाणवतं, पण ते भुकेचं की भीतीचं हे उलगडत नाही. आणि तिसरं साधं कारण म्हणजे सगळे गोल एका रेषेत काढले की कागद लवकर संपतो!

तेव्हा मुलाला भावना विचारू नका, जागा विचारा. शाळेतल्या दहा-बारा ठिकाणांचे फोटो काढून घ्या: फाटक, जिना, वर्ग, स्वच्छतागृह, मैदान, डबा खायची जागा, बस. तीन डबे ठेवा: 'आवडतं', 'चालतं', 'नको'. फोटो हातात देऊन टाकायला सांगा. यात एक युक्ती मी नेहमी वापरतो. दोन फोटो साक्षीदार म्हणून मिसळतो; एक त्याच्या जिवापाड आवडीच्या गोष्टीचा आणि एक हमखास नावडीचा. आवडीचा फोटो 'नको'मध्ये पडला तर मूल रंगावरून वाटण्या करतंय, नाही तर कंटाळलंय. तो दिवस सोडून द्यायचा, निष्कर्ष काढायचा नाही. साक्षीदार बरोबर डब्यात गेले तर बाकीच्या फोटोंवर विश्वास ठेवायला हरकत नाही. आठवड्याने पुन्हा करा. दोन्ही वेळा 'नको'त पडलेल्या जागा तुमच्या मुलाने स्वतःच्या हाताने सांगितल्या आहेत, एक शब्दही न बोलता.

शाळेतल्या शांतपणाबद्दल. १० वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती, अहवालात 'आज्ञाधारक, काही अडचण नाही'. मी परवानगी काढून तिच्या वर्गात मागच्या बाकावर एक दिवस बसलो. सकाळी ती चार-पाच शब्दांत उत्तर देत होती, दुपारपर्यंत नुसती मान हलवत होती. पाण्याची बाटली दिवसभर उघडली नाही, कारण पाणी प्यायलं तर स्वच्छतागृहात जावं लागलं असतं. स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढलेल्या. वही मी नंतर मागून घेतली, तर शेवटच्या तासाच्या पानांवर पेन्सिल इतकी दाबलेली की अक्षरं मागच्या बाजूने बोटाला लागत होती. पहिल्या तासाच्या पानांवर तसं नव्हतं. कुणाला त्रास नाही, म्हणून कुणाच्या नजरेत नाही. ताणाने मूल उसळतं तसं ते मिटतंही, आणि मिटलेलं मूल कुठल्याही वर्गात आदर्श दिसतं.

तिच्या आईला मी एकच गोष्ट लिहायला सांगितली: घरात पाऊल टाकल्यापासून स्वतःहून पहिलं वाक्य बोलेपर्यंत किती मिनिटं गेली. शाळेच्या चार दिवसांत हा वेळ दीड तासाच्या आगेमागे, आणि बुधवारी जेमतेम ४० मिनिटं. बुधवारी खेळाचा तास नव्हता. सावरायला लागलेला हा वेळ माझ्या मते घरी करता येण्यासारखं सगळ्यांत भरवशाचं मोजमाप आहे. मूल तेच, घर तेच, बदलतो तो फक्त मागे गेलेला दिवस. तुमच्या मुलाचं रडणं किती जोरात होतं हे लिहू नका. दप्तर कधी पडलं आणि तो स्वतःहून खेळण्याकडे किंवा खाण्याकडे कधी वळला, या दोन वेळा लिहा. सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळेला तासभर बघा, नाही तर तुलना कशाशी करणार?

आणि हे सगळं सुरू करण्याआधी त्याचा शांतपणा मोजा. बहुतेक नोंदवह्या उद्रेकापासून सुरू होतात, त्यामुळे मूल बरं असताना कसं असतं याची एक ओळही सापडत नाही. खरंच निवांत असलेल्या दोन-तीन प्रसंगी, पाच मिनिटं, फोनवर चित्रीकरण करा: पुटपुटतो का, कोणत्या पट्टीत, हात कसे असतात, हाक मारल्यावर किती वेळाने वळतो. काही मुलं आनंदात हात फडफडवतात, काही घाबरल्यावर, काही दोन्ही वेळा पण वेगळ्या उंचीवर. पुस्तकातली लक्षणांची यादी इथे उपयोगी पडत नाही. तुमच्या मुलाची स्वतःची तीन चिन्हं शोधा. कान लाल होणं, बोटं गार पडणं, 'मग काय?' हा प्रश्न, लघवीला वारंवार जाणं, गुणगुणण्याची पट्टी चढणं, वाक्य तुटणं, असं काहीही असेल. चिन्ह मोजण्यासारखं हवं. 'अस्वस्थ होता' मोजता येत नाही, 'अर्ध्या तासात "मग काय?" सात वेळा' मोजता येतं. तुम्ही आणि घरातलं आणखी कुणी तेच चित्रीकरण वेगवेगळं बसून बघा आणि मोजा. एकाचे १२ आणि दुसऱ्याचे ४ आले तर व्याख्या सैल आहे, ती घट्ट करा.

अध्येमध्ये एक इशारा, कारण हा राहून गेला की पुढचं सगळं वाया जातं. वागण्यातला बदल अचानक आला असेल तर आधी शरीर तपासा. दात, कान, बद्धकोष्ठ, झोप, नवीन सुरू झालेलं औषध, फिट्स. डोकं आपटणारं मूल दाढदुखीने आपटत असू शकतं. न बोलणाऱ्या मुलांच्या वेदना ओळखायच्या वेगळ्या याद्या आहेत, बालरोगतज्ज्ञांना त्यांच्याबद्दल विचारा.

आता कॉर्टिसॉल. हे संप्रेरक झोपेतून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. एखाद्या प्रसंगाने ते वाढलं तर लाळेत त्याचा कळस साधारण २० ते ३० मिनिटांनी दिसतो. म्हणजे सकाळी ११ वाजता घेतलेला एकच नमुना तुम्हाला काय सांगणार? झोप अपुरी झाली, ताप येऊन गेला, दम्याचं स्टिरॉइड चालू आहे, नुकतंच काही खाल्लं, प्रत्येकाने आकडा हलतो. शिवाय नमुना घेताना तोंडात कापूस धरायला लावणं हा काही मुलांसाठी दिवसातला सर्वांत मोठा ताण असतो.

संशोधनात मात्र या चाचणीने एक मार्मिक गोष्ट दाखवली आहे. जर्मनीतल्या ट्रिअर इथे १९९३ साली बनलेली एक प्रसिद्ध ताणचाचणी आहे: अनोळखी परीक्षकांपुढे भाषण करा, मग तोंडी हिशेब करा. इतर मुलांचं कॉर्टिसॉल यात वाढतं. ऑटिस्टिक मुलांच्या गटांत ही वाढ बऱ्याचदा दिसली नाही. त्याउलट मैदानात अनोळखी मुलांबरोबर नुसतं खेळायला सोडलं, तर त्यांच्यातल्या अनेकांचं वाढलं. आपण ज्याला परीक्षा समजतो ती त्यांना जड गेली नाही, आणि ज्याला मधली सुट्टी म्हणतो ती गेली. शाळेत कुठे बघायचं याचं उत्तर मला तरी यात मिळतं. पण हे गटांचे निष्कर्ष आहेत. तुमच्या एका मुलाचं निदान या चाचणीने होत नाही, आणि त्यासाठी ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घड्याळाचं काय? मनगटावरचं यंत्र नाडीचे ठोके, दोन ठोक्यांमधल्या वेळेतला चढउतार, काही यंत्रं घामामुळे त्वचेची बदलणारी विद्युतवाहकता मोजतात. त्वचेची प्रतिक्रिया काही सेकंदांत येते, त्यामुळे संशोधकांचं त्यावर प्रेम. पण यंत्राला उत्तेजना कळते, तिचं कारण कळत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका मुलाच्या बोटांना सेन्सर लावून बसलो होतो. आलेखाने एकदम उसळी मारली. बाहेर कुणाची तरी पावलं वाजली होती, मी लगेच वहीत लिहिलं, 'अनोळखी पावलांना घाबरतो.' शेजारी त्याची आजी बसली होती. ती म्हणाली, 'घाबरलाय कुठला, त्याचा पंखा सुरू झालाय.' वर बघितलं तर खरंच, आणि पोरगं हसत होतं. तेव्हापासून आलेखाशेजारी चित्रीकरण नसेल तर मी आलेख वाचत नाही.

२०१९ साली रुग्णालयात दाखल असलेल्या २० ऑटिस्टिक मुला-मुलींवरचा एक अभ्यास आला. मनगटी सेन्सरच्या मागच्या ३ मिनिटांच्या नोंदींवरून, पुढच्या एका मिनिटात मूल दुसऱ्याला मारेल का, याचा अंदाज बांधला होता. सगळ्या मुलांच्या नोंदी एकत्र करून शिकवलेल्या संगणकी मॉडेलपेक्षा त्या-त्या मुलाच्याच नोंदींवर शिकवलेलं मॉडेल सरस ठरलं. आशा वाटावी असं काम आहे. दुकानातल्या घड्याळावर दिसणारा ताणाचा आकडा म्हणजे ते नव्हे. तो ठोक्यांवरून काढलेला, शांत बसलेल्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने बेतलेला अंदाज असतो. मूल जिना चढलं तरी तो बदलतो. घड्याळ घरात आधीच असेल आणि मुलाला पट्टा टोचत नसेल, तर फक्त झोपेतले ठोके बघा, रोज त्याच तासाचे, आठवड्यांच्या तुलनेत. झोपेत हालचालीचा गोंधळ कमी असतो. मुद्दाम विकत घेऊ नका. आणि लावणार असाल तर कशासाठी लावताय हे त्याला चित्रांतून सांगा. त्याने काढून फेकलं तर ते त्याचं उत्तर समजा.

तुम्ही उद्यापासून काय कराल? पहिला आठवडा काहीही बदलू नका, नुसतं लिहा: सावरायचा वेळ आणि तीन चिन्हं. बाईंना 'तो चिंतेत असतो का' हे पुन्हा विचारू नका, त्या पुन्हा 'नाही' म्हणतील, आणि त्यांच्या जागेवरून ते खरंच असेल. त्यांना मोजता येईल असं विचारा: बाटली किती रिकामी झाली, स्वच्छतागृहात किती वेळा गेला, डबा किती उरला, शेवटच्या तासाला किती शब्द बोलला. दिवसाला एक ओळ पुरे. जास्त मागाल तर तिसऱ्या दिवशी बंद पडेल. दुसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट बदला. फोटोंच्या डब्यात 'नको'मध्ये पडलेली एक जागा निवडा आणि तिथे काय होणार हे सकाळीच चित्रात दाखवा, किंवा ती जागा आठवडाभर टाळता येते का बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. सावरायचा वेळ ६० मिनिटांवरून ३५ वर आला तर धागा सापडला. हलला नाही तर जागा चुकली, पुढची घ्या.

मुलाला मात्र रोज 'आज किती टेन्शन आलं?' विचारू नका. मोजणीचंच त्याला ओझं होतं, आणि काही मुलं तुम्हाला हवं असलेलं उत्तर पाठ करून देतात.

काही प्रसंगी मोजत बसायचं नसतं. इजा होईल इतकं डोकं आपटणं, खाणंपिणं तुटणं, शाळेचं नाव काढताच गोठून जाणं, येणारी कौशल्यं गळून पडणं, मरण्याबद्दल बोलणं, यांतलं काही असेल तर वही बाजूला ठेवून बालमनोविकारतज्ज्ञांकडे जा. तुमच्या मुलाचं आपटणं कोणत्या पातळीचं आहे हे मला इथून दिसत नाही. खूण उमटत असेल, सूज येत असेल तर आजच दाखवा, दोन आठवडे थांबू नका.

नाहीतर पुढच्या भेटीला तेच तीन कागद परत घेऊन जा, फक्त एक भर घालून. तुमच्या कागदावर जिथे जिथे 'नेहमी' लिहिलंय, तिथे समासात कोणता प्रसंग डोळ्यांसमोर होता ते दोन शब्दांत लिहा. बाईंनाही त्यांच्या 'कधीच नाही'पुढे तो कोणत्या तासाला कसा दिसला ते लिहायला सांगा. तपासणाऱ्याने बेरजा बाजूला सारून समास वाचायला घेतले, तर माणूस कामाचा आहे.